गाणे भीमाचे, पण लिहिले कोणी?

२०२५च्या सुरुवातीला सेन्सॉर बोर्डाच्या एका अधिकाऱ्याने ‘हे नामदेव ढसाळ कोण?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारल्याची बातमी आली आणि आंबेडकरी समाजात संतापाची लाट उसळली. ‘चल हल्ला बोल’ या मराठी चित्रपटात ढसाळांच्या कविता आहेत. त्या कवितांवर आक्षेप घेताना हा प्रश्न आला, असे चित्रपट करणाऱ्यांचे म्हणणे होते. १९७२ साली ‘गोलपिठा’ लिहून मराठी कवितेचे सोवळे ज्याने फेडले, ज्याला १९९९ साली याच देशाच्या सरकारने पद्मश्री दिली, तो कवी सरकारी खुर्चीला ठाऊक नसावा! निषेधाची पत्रके निघाली, कार्यकर्ते बोलले, कवी बोलले. योग्यच झाले. राग यायलाच हवा होता.

आता तोच प्रश्न जरा आपल्या वस्तीत आणून उभा करा. येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीत जे गाणे वाजेल, ते वाजवणाऱ्या पोराला विचारा, बाबा रे, हे गाणे कुणाचे? तो गायकाचे नाव सांगेल. हुशार असला तर रिमिक्स करणाऱ्या डीजेचेही सांगेल. पण लिहिले कोणी, असे विचारले की तो तुमच्या तोंडाकडे पाहील आणि म्हणेल, भीमगीत आहे, जुने आहे. सेन्सॉरच्या अधिकाऱ्याला एक कवी माहीत नव्हता. आपल्या पोराला एकही माहीत नाही, आणि त्याचा दोष त्या पोराचा नाही. त्याला ते नाव कुणी कधी सांगितलेच नाही.

डीजेविरुद्ध प्रवचन झोडण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते प्रवचन दर एप्रिलला प्रस्थापित वर्तमानपत्रांतून फुकट मिळते. भाद्रपदात दहा दिवस ज्यांच्या कानात बोळे असतात, त्यांना चैत्रात अचानक ध्वनिप्रदूषणाचा कायदा आठवतो. आवाजाचे २०००चे नियम सर्वांना सारखे आहेत, ते आपणही पाळावेत, एवढेच त्यावर पुरे. आमचा प्रश्न आवाजाचा नसून नावाचा आहे.

भीमगीत हे काही आकाशातून पडलेले नाही. १९३०च्या दशकात नाशिक भागातून भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसा घेऊन गावोगाव निघाले. तमाशाचा साचा घेतला आणि त्यात चवदार तळे, काळाराम मंदिर, शिक्षण, मेलेली ढोरे ओढण्यास नकार हे विषय भरले. सभेला न येणारा माणूस जलशाला येई, आणि जलसा ऐकून गेलेला माणूस पुढच्या सभेला येई. या शाहिरांनी वर्तमानपत्राचे काम केले, शाळेचे केले, कधी कधी वकिलाचेही केले. गावच्या पाटलाच्या डोळ्यांदेखत हे गायचे म्हणजे छातीचे काम होते. पुढे भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे’ या आपल्या पुस्तकात त्या काळाची नोंद करून ठेवली, म्हणून आज निदान काही शाहिरांची नावे आपल्याला सापडतात. ज्यांची नोंद झाली नाही, ते गेले. त्यांची गाणी राहिली असतील, नव्हे राहिलीच आहेत, पण ती आता कुणाचीच नाहीत.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक हे या परंपरेतले सर्वांत मोठे नाव. लहानपणी शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. मुंबईत गिरणीच्या वस्तीत राहून, वयात आल्यावर, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते अक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे लिहिले, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. त्यानंतर साठ वर्षे हा माणूस गात फिरला. ना घर, ना नोकरी. हजारो गाणी लिहिली. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘हे गीत वामनाचे’ असे आहे. आम्हाला हे शीर्षक फार महत्त्वाचे वाटते. ज्याला अक्षर ओळखता येत नव्हते, तो माणूस स्वतःच्या पुस्तकावर छापतो की हे गीत माझे आहे. त्यात अहंकार पाहणाऱ्याला अक्षराची किंमत कळलेली नाही.

आपल्याकडे कवीचे नाव गाण्याच्या बाहेर पाटीवर नसे, गाण्याच्या पोटातच असे. अभंगाचा शेवट पाहा. तुकोबा, जनाबाई, चोखोबा, प्रत्येकाची नाममुद्रा शेवटच्या चरणात. सोयराबाई तर स्वतःचे नाव न सांगता चोख्याची महारी अशी ओळख देते. नवऱ्याच्या नावाने का होईना, आणि जातीसकट, ती आपली सही करते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तरी अभंग तुकोबांचाच राहिला, कारण नाव कागदावर नव्हते, ओठांवर होते. शाहिरांनी हीच रीत उचलली. कव्वालीत आणि गझलेत तिला मक्ता म्हणतात. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःला हाक मारतो आणि ऐकणाऱ्याला कळते की हे बोलणारा कोण. ज्यांना छापखाना परवडत नव्हता, ज्यांची गाणी दुसऱ्यांच्या वहीत उतरून आणि तिसऱ्यांच्या गळ्यातून जाणार होती, त्यांच्यासाठी ही सहीच कोर्टाचा कागद होती.

आता रिमिक्समध्ये काय होते ते ऐका. धृपद घेतले जाते, ते चार वेळा फिरवले जाते. पहिले कडवे कधी येते, कधी येत नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत तर गाडी पोचतच नाही. मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये धृपदाचाही अर्धाच भाग उरतो. गाण्याचे शेपूट तोडले की कवीचे नाव आपोआप तुटते. मुद्दाम कुणी तोडले असे आम्ही म्हणत नाही. ताल धरायला शेवटचे कडवे लागत नाही, एवढेच त्याचे कारण. पण शंभर वर्षे ज्या युक्तीने गरीब कवीचे नाव टिकवले, ती युक्ती या कात्रीपुढे टिकत नाही.

ही कात्री आजची नाही. १९८०च्या दशकात कॅसेटचा बाजार तेजीत आला. भीमगीतांच्या कॅसेट लाखांनी खपू शकतात, हे व्यापाऱ्यांना आपल्या पुढाऱ्यांच्या आधी कळले. वेष्टनावर मध्ये बाबासाहेब, बाजूला गायकाचा मोठा फोटो, खाली कंपनीचे बोधचिन्ह. गीतकाराचे नाव असले तर आतल्या घडीत, मुंगीच्या अक्षरात. लिहिणाऱ्याला बहुधा एकदाच काय ती रक्कम मिळे, कागदावर सही घेतली जाई, आणि तो कागद वाचून दाखवायची तसदी फारसे कुणी घेत नसे. कायद्यानेही काही आडकाठी नव्हती. कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिफितीवर ती काढणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कदाराचे नाव-पत्ता आणि प्रकाशनाचे वर्ष छापावे लागते. गीतकाराचे नाव छापलेच पाहिजे, असे त्या कलमात नाही. मालकाचा पत्ता हवा, लिहिणाऱ्याचा नको!

कॅसेट गेली, सीडी गेली, आता यूट्यूब आले. तिथे वेष्टनच उरले नाही. गाण्याखाली लिहिलेले असते: पारंपरिक भीमगीत. या ‘पारंपरिक’ शब्दावर आमचा सगळा राग आहे. परंपरा म्हणजे काय? जे गाणे १९६० किंवा १९७० साली एका जिवंत माणसाने लिहिले, जो माणूस २००४ पर्यंत आपल्या सभांतून गात होता, ज्याला ऐकलेले हजारो लोक आज हयात आहेत, त्याचे गाणे पारंपरिक कसे? त्याचा अर्थ एवढाच की लिहिणाऱ्याला विचारायचे नाही, त्याच्या वारसाला विचारायचे नाही, आणि जाहिरातीचे पैसे आले तर वाटून द्यायचे नाहीत. शिवाय यूट्यूबवर यंत्र आवाज ओळखते. ज्या कंपनीने ध्वनिमुद्रणाची नोंद केलेली असते, तिच्या नावाने दावा लागतो. एखाद्या मंडळाने आपल्या जयंतीची चित्रफीत टाकावी आणि मागे वाजलेल्या भीमगीतामुळे त्यावर भलत्याच कंपनीचा दावा यावा, हा आता नेहमीचा प्रकार झाला आहे. त्या गाण्याच्या कवीच्या घरी मात्र कोणताही दावा जात नाही, कुठलाही मनीऑर्डरवाला येत नाही.

आम्हाला यात बलुतेदारी दिसते. गावगाड्यात महाराने राबायचे, निरोप पोचवायचे, सरकारी कामगाराच्या मागे धावायचे, आणि मोबदला म्हणून खळ्यावरचे बलुते घ्यायचे. कामाला वेळ नाही, दामाला हिशेब नाही, आणि केलेल्या कामावर नाव नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते यासाठीच, की श्रमाचा हिशेब झाला पाहिजे आणि तो श्रम करणारा माणूस स्वतंत्र झाला पाहिजे. आता आपल्याच शाहिराला आपण काय देतो? शाल, श्रीफळ, एक वेळचे जेवण, जाण्यायेण्याचे भाडे, आणि ‘समाजाची सेवा आहे, पैशाचे काय घेऊन बसलात’ असा उपदेश. हे बलुते नाही तर काय? त्याच रात्री डीजेवाल्याला आगाऊ रक्कम मोजलेली असते, जनरेटरवाल्याला मोजलेली असते, मांडववाल्याला तर विसार दिल्याशिवाय मांडव पडत नाही. मंडळांनी आपली जुनी हिशेबवही काढावी आणि गीतकार या शब्दापुढे आजवर किती रुपये पडले ते पाहावे. आम्ही आकडा सांगत नाही, वहीच सांगेल.

यावर आपल्यातच एक उत्तर तयार असते. गाणे समाजाचे आहे, चळवळीचे आहे, नावाचा हट्ट कशाला? बाबासाहेबांनीच व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला होता ना? दिला होता, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना समितीत. पण तो इशारा राजकारणात नेत्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहण्याविरुद्ध होता. केलेल्या कामाचे श्रेय देऊ नका, असे त्यात कुठेच नाही. उलट, बाबासाहेब श्रेय कसे देत ते पाहा. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नी सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांचे ऋण नाव घेऊन मान्य केले. त्या दोघांच्या शुश्रूषेमुळे ग्रंथ पुरा होऊ शकला, असे लिहिले. आणि १९५७ साली ग्रंथ छापून आला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती! भगवान दास यांनी ती शोधून पुढे आणली तेव्हा वाचकांना कळले. ती का गाळली गेली, यावर चळवळीत पुष्कळ वाद झाले, त्यात आम्ही आज शिरत नाही. पण ग्रंथकाराने स्वतःच्या हाताने लिहिलेले आभार गाळले जाऊ शकतात, तिथे खेड्यातल्या शाहिराची काय कथा?

आणि उसनवारीचे म्हणाल, तर आपल्या जलशाने आणि गायन पार्ट्यांनी चाली उसन्या घेतल्याच आहेत. हिंदी चित्रपटाच्या घेतल्या, कव्वालीच्या घेतल्या, गौळणीच्याही घेतल्या. मात्र घेतल्या त्या सांगून. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर, गीतांच्या ज्या चिमुकल्या पुस्तिका विकल्या जातात, त्यातली एखादी जुनी पुस्तिका उघडून पाहा. प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचा उल्लेख केलेला असतो. खालच्या वस्तीतला अर्धशिक्षित प्रकाशक, न्यूजप्रिंटचा कागद, शुद्धलेखनाची बोंब, पण प्रामाणिकपणा पाहा! ज्या चित्रपटसृष्टीने आपल्याला पडद्यावर कधी माणूस म्हणून उभे केले नाही, तिच्या गाण्याचे ऋणही आपल्या गरीब कवीने मान्य केले. ज्यांच्याजवळ आज स्टुडिओ आहेत, संगणक आहेत, त्यांना ती एक ओळ जड व्हावी?

खऱ्या अर्थाने परंपरेचे म्हणावे असे गाणे म्हणजे जात्यावरची ओवी. तिला एक कवी नाही. आईकडून लेकीकडे आणि जावेकडून जावेकडे ती आली. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. आज हा ठेवा ‘पारी’च्या संग्रहात कुणालाही ऐकता येतो. तिथे प्रत्येक ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. म्हणजे ज्या गाण्याला कवी नाही, त्याच्याही गाणाऱ्या माउलीचे नाव संशोधकाने टिपून ठेवले. आणि ज्या गाण्याला धडधडीत कवी आहे, त्याचे नाव आपण पुसून टाकतो. याहून उलटी गंगा कोणती?

विलास घोगरेंचे उदाहरण घ्या. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मारले गेले. चार दिवसांनी घोगरेंनी स्वतःला संपवले. हा शाहीर आज आपल्या ओठांवर आहे, कारण १९८५ साली आनंद पटवर्धनांनी मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात त्यांचा आवाज नावासह टिपला होता आणि २०११च्या ‘जयभीम कॉम्रेड’मध्ये तीच कहाणी पुढे आणली. कॅमेरा तिथे पोचला नसता, तर त्यांचीही गाणी ‘पारंपरिक’ झाली असती.

नावाने पोट भरत नाही, असे म्हणणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ पासून दरमहा ५ हजार रुपये मिळतात. म्हाताऱ्या शाहिराच्या औषधपाण्याला तो आधार आहे. पण अर्ज करताना कलेचे पुरावे लागतात. कार्यक्रमांच्या पत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणे, प्रमाणपत्रे. आयुष्यभर ज्याची गाणी गावभर वाजली पण ज्याचे नाव कुठल्याच पत्रिकेवर छापले गेले नाही, तो कुठून आणणार पुरावा? पत्रिकेवर स्वागताध्यक्ष असतात, कार्याध्यक्ष असतात, सौजन्याने म्हणून नगरसेवकाचे तीन फोटो असतात. गीतकाराला तेवढी जागा नसते. त्या जागेचा भाव मग म्हातारपणी दरमहा पाच हजार पडतो.

कायद्याने थोडी दारे उघडली आहेत, पण ती ठोठावायला कुणी जात नाही. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९च्या अखेरीपर्यंत आहे. वामनदादांच्या गाण्यांवरचा २०६४च्या अखेरीपर्यंत. २०१२च्या दुरुस्तीनंतर तर गीतकाराने गाणे कंपनीला लिहून दिले तरी त्याच्या वापरातून येणाऱ्या मानधनातला आपला बरोबरीचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. तो वाटा फक्त वारसांना किंवा गीतकार-संगीतकारांच्या नोंदणीकृत संस्थेलाच देता येतो. आणि हक्क विकून टाकला असला, तरी ‘हे मी लिहिले आहे’ असे सांगण्याचा अधिकार कवीकडेच राहतो, त्याच्यामागे वारसही तो बजावू शकतात. आयपीआरएस ही गीतकारांची संस्था १९६९ पासून आहे. मुंबईच्या चित्रपटगीतकारांना तिचा पत्ता पाठ आहे. जालन्याच्या, परभणीच्या, भंडाऱ्याच्या भीमशाहिरांपैकी किती जणांना तिचे नाव ठाऊक आहे? आपल्या समाजात आज वकील कमी नाहीत. दर जयंतीला व्यासपीठावर बसणाऱ्या वकील मंडळींपैकी प्रत्येकाने एका शाहिराच्या घरचे कागद हाती घेतले, तरी जिल्ह्याचे काम उरकेल. वस्तीत, विहारात, मिरवणुकीत गाणाऱ्याला कुणी अडवावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ती गाणी गाण्यासाठीच लिहिली गेली. आमचा रोख त्यांच्याकडे आहे, जे ती विकतात.

ज्या समाजाने एका विद्यापीठाच्या नावासाठी २७ जुलै १९७८च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लढा दिला, त्याला नावाचे महत्त्व आम्ही काय सांगावे? मराठवाड्यात घरे जळाली, पोचीराम कांबळे गेले, गौतम वाघमारे गेले. नाव ही फक्त पाटीवरची अक्षरे आहेत, असे तेव्हा म्हणणारे कोण होते, ते वाचकांना आठवत असेलच.

काम फार मोठे नाही. खेड्यापाड्यांत जुन्या शाहिरांच्या, गायन पार्ट्यांच्या वह्या अजून ट्रंकेत पडून आहेत. म्हातारा गेला की नातवंडे त्या रद्दीत घालतात. विहारातल्या शिकल्यासवरल्या मुलामुलींनी मोबाईलने त्यांची पाने टिपावीत, कवीचे नाव, गाव, अंदाजे साल लिहून ठेवावे. गायकांनी गाण्यापूर्वी कवीचे नाव घ्यावे आणि शेवटचे कडवे गाळू नये. अनेक जुने गायक आजही हे न चुकता करतात, त्यांना आमचा जयभीम. नव्यांनी चित्रफितीखाली दोन शब्द जास्त टंकावेत. आणि जयंतीच्या पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी मंडळांनी गाण्यांच्या यादीत गीतकाराचा एक रकाना वाढवावा. नाव माहीत असेल तर ते लिहा. जुन्या जाणत्यांना विचारूनही ते सापडले नाही, तर ‘गीतकार अज्ञात, माहिती असल्यास कळवावे’ असे छापा आणि खाली मंडळाचा फोन नंबर द्या. ‘पारंपरिक’ तेवढे लिहू नका.